वरून झकास, आतून कच्चं: वेल्डिंगने लोखंड खरंच धरलं का, हे कसं ओळखायचं

कापूस वेचणीला आला की धुळे-जळगाव रस्त्यावरच्या आणि चोपडा, यावल, रावेर पट्ट्यातल्या वर्कशॉपांपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. कुणाच्या ड्रॉबारला, म्हणजे ट्रॉली ओढायच्या दांड्याला, तडा गेलेला, कुणाचा फाळका निखळलेला, कुणाला केळीच्या घडांसाठी नवा सांगाडा हवा असतो. काम उरकलं की मालक खाली वाकतो, वेल्डिंगवरून बोट फिरवतो आणि खूश होतो. बीड, म्हणजे वेल्डिंगची उमटलेली पट्टी, एकसारखी, कडा सरळ, कुठे गुठळी नाही. एखादा जाणता शेतकरी मात्र विचारतोच, "मिस्तरी, वरतीन तं झकास दिखस, पन मझार काय शे?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बोटाला मिळत नाही. वेल्डरचा हात स्थिर होता आणि चाल एकसारखी होती, एवढंच बीडचा वरचा भाग सांगतो. खालची प्लेट किती वितळली, माल कोपऱ्यापर्यंत उतरला का, दोन्ही बाजू त्यात मिसळल्या का, यातलं काही वरून दिसत नाही. पुढे जे लिहिलंय ते साध्या माइल्ड स्टीलच्या, साधारण ५ ते १२ मिमी जाडीच्या आणि वजन वाहणाऱ्या कामासाठी आहे: ट्रॉलीची चासी, ड्रॉबार, शेडचे खांब, पाण्याच्या टाकीचा मनोरा. खिडकीच्या ग्रिलला एवढा खटाटोप लागत नाही.

आत नेमकं काय बिघडतं

लोखंड साधारण १५०० अंशांच्या आसपास वितळतं आणि आर्कचं, म्हणजे रॉड आणि प्लेटमधल्या विजेच्या झोताचं, तापमान त्याच्या कितीतरी पट असतं. म्हणून आर्क लागला की खालची प्लेट वितळणारच, असा समज होतो. पण जाड प्लेट ती उष्णता झपाट्याने ओढून घेते. करंट कमी असला, किंवा आर्क प्लेटवर न पडता वितळलेल्या डबक्यावरच पडत राहिला, तर रॉडचा माल प्लेटवर नुसता बसतो आणि तिथेच गोठतो. याला कोल्ड लॅप किंवा लॅक ऑफ फ्यूजन म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे बाजू धरल्या, पण मुळापर्यंत माल गेलाच नाही. हे अपुरं पेनिट्रेशन. दोन्हींत वरची बीड देखणी असू शकते.

इथे एक गैरसमज काढून टाकू. प्रत्येक सांध्याला प्लेटच्या आरपार वितळण लागतं असं नाही. बट जॉइंटला, म्हणजे दोन प्लेटा समोरासमोर जोडताना, पूर्ण जाडी धरली पाहिजे. फिलेटला, म्हणजे काटकोनातल्या सांध्याला, माल खोल घुसला नाही तरी चालतं. पण कोपऱ्याचं मूळ आणि दोन्ही भिंती वितळून एकजीव झाल्या पाहिजेत. पातळ पत्र्यावर उगाच खोल गेलात तर भोक पडेल, ते वेगळंच.

फिलेटचा हिशेब सोपा आहे. बीडच्या दोन बाजूंना लेग म्हणतात आणि मुळापासून तिरकस पृष्ठभागापर्यंतच्या सर्वांत कमी अंतराला थ्रोट. काटकोनात थ्रोट म्हणजे लेगच्या ०.७ पट. ६ मिमी लेगला थ्रोट ४.२ मिमी. आता मुळाजवळचे २ मिमी धरलेच नाहीत असं समजा. बाहेरून फिलेट ६चाच दिसेल, पण हिशेबात तो ४चा उरला आणि थ्रोट २.८वर आला. ताकदीचा तिसरा हिस्सा तिथेच गेला. शिवाय न धरलेली ती फट म्हणजे आधीच तयार असलेला तडा. ट्रॉली खड्ड्यात आदळली की तडा थोडा पुढे सरकतो, पुन्हा आदळली की आणखी थोडा. रंगाखालून बाहेर दिसेपर्यंत अर्धं काम झालेलं असतं.

बीड फुगीर केली तर जास्त मजबूत होते, हा समजही चुकीचा. फुगवटा थ्रोटच्या हिशेबात धरत नाहीत. उलट बीडच्या कडेला जिथे फुगवटा प्लेटला भेटतो तिथे कोन तीव्र होतो आणि तडा तिथून सुरू होतो. सपाट किंवा किंचित फुगीर बीड बरी.

कच्चं वेल्डिंग हमखास देखणं कुठे होतं

पहिली जागा आपल्या रोजच्या ६०१३ रॉडमध्येच आहे. हा रॉड सोशिक. आर्क सहज लागतो, कमी करंटवरही विझत नाही, स्लॅग (बीडवर जमणारं कवच) सोलून निघतो, बीड गुळगुळीत येते. नवशिक्याला तोच द्यावा. पण त्याचं पेनिट्रेशन मुळात बेताचं असतं आणि कमी करंटवरही तो तक्रार करत नाही. १० नंबरचा, म्हणजे ३.१५ मिमीचा रॉड ८० अँपिअरवर १० मिमीच्या प्लेटवर चालवला, तरी बीड बघण्यासारखी येईल. फक्त ती प्लेटवर बसलेली असेल, प्लेटमध्ये शिरलेली नसेल.

दुसरी जागा म्हणजे उभं वेल्डिंग वरून खाली ओढणं. काम पटकन होतं आणि बीड पातळ, चकचकीत येते. पण वितळलेला माल आणि स्लॅग आर्कच्या पुढे घसरतात, आर्क त्यांच्यावर पडतो आणि प्लेट तापायची राहून जाते. पातळ पत्र्याला हे चालतं. ६ मिमीच्या पुढच्या, वजन घेणाऱ्या सांध्याला खालून वरच चढलं पाहिजे. बीड थोडी खडबडीत येईल, येऊ द्या.

तिसरी जागा सीओटू मशीनची, म्हणजे रॉडऐवजी तार आणि गॅसवर चालणाऱ्या वेल्डिंगची. ०.८ मिमीची तार, १७-१८ व्होल्ट, झरझर चालणारा आवाज. पत्र्याच्या बॉडीला याहून सुबक काम होणार नाही. पण या सेटिंगला तार क्षणोक्षणी डबक्याला टेकून विझत-पेटत असते आणि उष्णता कमी पडते. त्याच सेटिंगवर ८ मिमीचा चॅनेल जोडला तर कडेला कोल्ड लॅप ठरलेला. माझ्या मते सध्याचं सर्वांत फसवं वेल्डिंग हेच आहे, कारण ते शिकायला चार दिवस पुरतात आणि दिसायला ते जुन्या कसबी मिस्तरीच्या कामाला मागे टाकतं.

आणि चौथी, ग्राइंडर. बट जॉइंट वरून घासून सपाट केला, पुट्टी-रंग मारला की तो हात लावून कळतही नाही. पण आतून निम्मीच जाडी धरलेली असेल तर वरची घासून टाकलेली बीड हाच त्याचा आधार होता.

पायरी १: लोखंड ओळखा

अँगल, चॅनेल, प्लेट बहुतेक वेळा आयएस २०६२ प्रकारचं स्ट्रक्चरल स्टील असतं आणि ते वेल्डिंगला सरळ असतं. अडचण भंगारातल्या मालाची. कमानपाट्याची पट्टी, जुना शाफ्ट, रेल्वे रुळाचा तुकडा यांत कार्बन जास्त असतो. यांवर वेल्ड उत्तम धरतो, पण त्याच्या शेजारची पट्टी झपाट्याने थंड होऊन काचेसारखी ठिसूळ होते, आणि सांधा वेल्डमध्ये न तुटता अगदी त्याच्या कडेला तुटतो. ग्राइंडर लावून ठिणग्या बघा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि कमी फाट्यांच्या असतात, जास्त कार्बनच्या दाट फुटतात. शाफ्टसारखा माल असेल तर साधारण १५०-२०० अंशांपर्यंत आधी तापवणं, लो-हायड्रोजन रॉड (७०१८, पायरी ३ बघा) वापरणं आणि नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्यात सावकाश थंड होऊ देणं, एवढं तरी हवं. कमानपाटा मात्र जोडूच नका, बदला.

मे महिन्यात जळगावच्या उन्हात पडलेल्या चॅनेलला हात लावता येत नाही, म्हणून तो 'आधीच तापलेला' धरणारेही आहेत. उन्हाने लोखंड फार तर साठ-सत्तर अंशांना जातं. दव उडायला तेवढं पुरेल.

पायरी २: कडा तयार करा

कच्च्या वेल्डिंगचं निम्मं कारण रॉड पेटवण्याआधीच ठरलेलं असतं. साध्या १० नंबरच्या रॉडने एका बाजूने मारलेली बीड ६ मिमीच्या बंद बट जॉइंटच्या तळापर्यंत पोचत नाही, करंट कितीही वाढवा. म्हणून साधारण ५ मिमीच्या पुढे कडा घासून व्ही पाडायची. दोन्ही बाजू मिळून कोन साधारण ६० अंश, खाली १.५ ते २ मिमीची बोथट धार, आणि मध्ये २ ते ३ मिमीची फट. फट नेमकी राखायला २.५ मिमी रॉडचा, फ्लक्स (वरचा लेप) झाडलेला वाकवलेला तुकडा मध्ये ठेवून टाके मारतात. ही युक्ती जुनी आहे आणि अजून चांगली आहे.

दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करायचं असेल तर एका बाजूची बीड झाल्यावर उलट बाजूने ग्राइंडरने खोदत जा, स्वच्छ, अखंड लोखंड लागेपर्यंत. त्या खाचेत एक काळी रेघ दिसत राहते. ती रेघ म्हणजे न धरलेलं मूळ. ती पुसली गेली की मगच दुसरी बाजू भरायची. वेळ वाचवायला हे खोदणं सर्रास टाळलं जातं, आणि दोन्हीकडून देखण्या दिसणाऱ्या सांध्याच्या पोटात फट राहून जाते.

फिलेटला व्ही नको, पण प्लेट नीट टेकलेली हवी. मध्ये ३ मिमीची पोकळी असेल तर तेवढाच लेग हिशेबातून जातो. गंज, रंग, तेल, गॅस कटिंगची काळी पापडी दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीपर्यंत घासून काढा. जीआय पाइपाचं जस्तही काढा. ते जळताना बीडमध्ये छिद्रं पडतात आणि त्याच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो.

पायरी ३: रॉड

ग्रिल, पत्रा, किरकोळ कामाला ६०१३. ड्रॉबार, चासी, एक्सलजवळचे सांधे, मनोऱ्याचे पाय यांना ७०१८. आकड्यांतले पहिले दोन अंक ताकद सांगतात: ६० म्हणजे चौरस इंचाला साठ हजार पौंड, ७० म्हणजे सत्तर हजार. पण खरा फरक ताकदीपेक्षा हायड्रोजनचा आहे. ओलसर रॉडमधला हायड्रोजन गरम लोखंडात शिरतो आणि वेल्डिंग थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, तडा पाडतो. संध्याकाळी तपासून 'ओके' म्हटलेला सांधा सकाळी चिरलेला सापडतो तो यामुळे. म्हणून जाड किंवा कार्बनवाल्या कामाची शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी करावी.

७०१८चा फायदा तो कोरडा असला तरच. पाकीट फुटून आठवडा झाला, वर पावसाळा, तर तो लो-हायड्रोजन राहिलेला नसतो. ३०० ते ३५० अंशांना तास-दोन तास भाजून, मग गरम डब्यातून एकेक काढून वापरायचा. नेमकं तापमान पाकिटावर छापलेलं असतं, तेच पाळा. ६०१३ला मात्र एवढं भाजू नका, त्याच्या फ्लक्सला थोडा ओलावा लागतो. तो दमट झालाच असेल तर शंभर-सव्वाशे अंश पुरे. रॉड उन्हात पसरून वाळवण्याची आपल्याकडची पद्धत ६०१३ला फार तर चालेल, ७०१८ला तिचा काही उपयोग नाही.

पायरी ४: मशीन, आणि मळ्यातली वीज

रॉड आणि करंटचा ढोबळ मेळ असा: १२ नंबर म्हणजे २.५ मिमीला ६० ते ९० अँपिअर, १० नंबर म्हणजे ३.१५ मिमीला ९० ते १३०, ८ नंबर म्हणजे ४ मिमीला १४० ते १८०. जाड प्लेट आणि फिलेटसाठी वरच्या टोकाकडे राहा, उभ्या कामाला थोडं खाली या.

आता डायलवरच्या आकड्याबद्दल. वर्कशॉपमध्ये, मीटरशेजारी, तो बऱ्यापैकी खरा असतो. मळ्यात विहिरीवरच्या स्टार्टरपासून शंभर फूट बारीक वायर ओढून तेच मशीन लावलं तर चित्र बदलतं. सगळे पंप चालू असताना लाइन आधीच दबलेली, त्यात वायरमध्ये आणखी व्होल्टेज पडतं. ट्रान्सफॉर्मर मशीनचा करंट त्या प्रमाणात खाली येतो. छोटी इन्व्हर्टर मशीन काही मर्यादेपर्यंत सांभाळून घेतात, मग दम सोडतात. डायल १२०वर आणि रॉडच्या टोकाला ९०. ६०१३ ते निमूटपणे खपवून घेतो, बीड छान येते, आणि नांगराची पट्टी पुढच्या तासाला निघून हातात येते.

उपाय असे. मुख्य वायर जाड घ्या, गुंडाळी पूर्ण उलगडा, तीन-चार ठिकाणी पिळून जोडलेली वायर वापरू नका. मशीन चालू असताना इनपुटचं व्होल्टेज मोजा, रिकाम्या मशीनचं मोजून उपयोग नाही. शक्य असेल तर क्लॅम्प मीटरने वेल्डिंग केबलमधला खरा करंट बघा. इन्व्हर्टर मशीन डीसी देतं, त्यामुळे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, साधा एसीवाला शून्य दाखवेल. आणि व्होल्टेज फारच पडलेलं असेल तर तो जॉब वर्कशॉपला न्या, किंवा पंप बंद होण्याची वाट बघा.

पोलॅरिटी बघायची सवय आपल्याकडे कमी. डीसी मशीनवर ७०१८साठी होल्डर प्लसला, अर्थ मायनसला. उलट लावलं तर रॉड भराभर वितळतो, माल खूप पडतो, खाली कमी शिरतो. सीओटूच्या गॅसवाल्या भरीव तारेलाही टॉर्च प्लसच. गॅसविना चालणाऱ्या फ्लक्सच्या तारेला मात्र बहुतेकदा टॉर्च मायनस लागतो, पाकीट वाचा. मशीनवर दोन्ही सॉकेट एकसारखे दिसतात आणि केबल एकदा उलट लागली की महिनोन् महिने तशीच राहते.

अर्थ क्लॅम्प स्वच्छ लोखंडावर, जॉबच्या जवळ. चाकाच्या बेअरिंगमधून करंट जाईल असा लावू नका, गोळ्यांवर खड्डे पडतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या अवस्थेत ट्रॉलीवर काम असेल तर आधी ट्रॅक्टर सोडा, आणि ट्रॅक्टरवरच काम असेल तर बॅटरीच्या वायरी काढा.

उन्हाळ्यातल्या गरम झळांमध्ये उघड्यावर सीओटू चालवलं तर गॅस उडून जातो आणि बीडमध्ये छिद्रं होतात. ताडपत्रीचा आडोसा करा, नाहीतर त्या दिवशी रॉड धरा. गॅसचा फ्लो वाढवून वारा हटत नाही.

पायरी ५: रॉड चालवताना नजर कुठे

नवीन पोरगा उजेडाकडे बघतो. बघायचं असतं डबक्याच्या पुढच्या कडेकडे. तिथे प्लेट खरंच वितळून डबक्यात मिसळतेय की डबकं नुसतं तिच्यावर वाहत येतंय, हा सगळा खेळ त्या एका रेषेत दिसतो. काच जुनी, ठिपक्यांनी भरलेली असेल तर ती रेषा दिसणारच नाही. काच स्वस्त आहे, बदलत राहा.

आर्क आखूड ठेवा, साधारण रॉडच्या जाडीएवढा, ७०१८ला त्याहून आखूड. आर्क लांबला की तो पसरतो, बीड रुंद आणि उथळ होते. फिलेटला रॉड ४५ अंशांवर, जाण्याच्या दिशेने थोडा कललेला, आर्क सरळ कोपऱ्यात. एक प्लेट जाड आणि दुसरी पातळ असेल तर आर्कचा रोख जाडीकडे. चाल फार हळू केली तर जास्त वितळेल असं वाटतं, पण डबकं मोठं होऊन आर्कच्या पुढे येतं आणि आर्क प्लेटपर्यंत पोचतच नाही. म्हणजे हळू चालवूनही वेल्डिंग कच्चं राहतं. फार रुंद झोके घेण्यापेक्षा दोन-तीन सरळ बीड शेजारी शेजारी मारलेल्या बऱ्या.

पहिली बीड, रूट, सर्वांत महत्त्वाची. तिच्यासाठी १२ नंबर किंवा १० नंबर, ८ नंबरचा जाड रॉड कोपऱ्यात शिरत नाही. तिच्यावरचा स्लॅग चिपिंग हॅमर आणि वायर ब्रशने पूर्ण काढा, कडेच्या खाचेत अडकलेला ग्राइंडरने. वर दुसरी बीड मारल्यावर तो स्लॅग जळून जाईल असं म्हणणाऱ्याच्या हाताखाली काम करू नका.

टाके हेही वेल्डिंगच आहे. थंड प्लेटवर घाईत मारलेला टाका कच्चाच असतो, आणि त्याच्यावरून बीड नेली की तो आत गाडला जातो. टाके थोडे लांब मारा, दोन्ही टोकं घासून उतरती करा. रॉड संपतो तिथे पडणारा खड्डा भरून मगच आर्क तोडा. बीडची सुरुवात थंड असते, म्हणून दहा-पंधरा मिमी पुढे आर्क पेटवून मागे या आणि मग त्या जागेवरून पुढे जा.

पायरी ६: तोडून बघा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या, कारण 'आत काय आहे' याचं सरळ उत्तर फक्त इथे मिळतं. प्रत्यक्ष जॉब तोडता येत नाही, म्हणून त्याच जाडीचे, त्याच लोखंडाचे कतरण तुकडे, तोच रॉड, तेच सेटिंग, तीच वायर आणि तीच पोझिशन घेऊन नमुना करायचा. टेबलावर आडवा नमुना करून उभ्या जॉबबद्दल काही कळत नाही.

फिलेटसाठी: सुमारे १५० मिमी लांबीच्या दोन पट्ट्या, एक आडवी आणि एक तिच्यावर उभी. फक्त एकाच बाजूने वेल्ड करा. बीडच्या मध्यावर एकदा थांबून रॉड बदला, म्हणजे जोडाचीही परीक्षा होते. पाण्यात न बुडवता थंड होऊ द्या. मग आडवी पट्टी शिकंज्यात पकडून उभ्या पट्टीला वेल्ड नसलेल्या बाजूने घण मारा, ती वेल्डवर दुमडली गेली पाहिजे. अशाने मूळ उघडतं. पट्टी दुमडून सपाट झाली आणि सांधा तुटला नाही, तर उत्तम. तुटला तर तुटलेला भाग उजेडात धरा. सगळीकडे सारखा राखाडी, दाणेदार दिसला आणि फाट वेल्डच्या पोटातून गेली असेल तर सेटिंग ठीक आहे. मुळाशी पट्टीची मूळची सरळ धार, कटिंगच्या रेघा किंवा काळसर पापडी जशीच्या तशी दिसली, तर तिथे लोखंड वितळलंच नव्हतं. वेल्ड एका पट्टीवरून खपलीसारखा निघून आला असेल तर करंट आणि रॉडचा रोख दोन्ही तपासा.

कच्चा नमुना हातात आला की एकदम सगळं बदलू नका. आधी करंट दहा अँपिअर वाढवून पुन्हा करा, मग आर्कचा रोख, मग चाल. कशाने सुधारलं ते समजलं पाहिजे.

बट जॉइंटसाठी सुमारे ४० मिमी रुंद पट्टी कापा, दोन्ही बाजूंचा फुगवटा घासून सपाट करा, आणि जाडीच्या साधारण चौपट व्यासाच्या गोल बारवर इंग्रजी यूसारखी वाकवा. मुळाची बाजू बाहेर, म्हणजे ताणाकडे. कच्चं मूळ वाकायला सुरुवात होताच तोंड उघडतं. परीक्षांमध्ये ३ मिमीपेक्षा मोठा तडा नापास धरण्याचा प्रघात आहे.

आतलं चित्रच बघायचं असेल तर नमुना हॅक्सॉने आडवा कापा, गॅसने नको. कापलेला भाग कानशीने सपाट करा, मग ८०, १२०, २२०, ४०० अशा चढत्या एमरी कागदांवर घासा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्ड करण्यासाठी मिळणारं फेरिक क्लोराइडचं द्रावण हातमोजे घालून बोळ्याने फिरवा. थोड्या वेळात वेल्ड, त्याच्या शेजारचा तापून बदललेला पट्टा आणि मूळ प्लेट, तिन्ही वेगवेगळ्या छटांत दिसू लागतात. पाण्याने धुऊन कोरडं करा. कोपऱ्यात काळी रेघ राहिलीय का, वेल्डची सीमा प्लेटच्या मूळ रेषेच्या आत गेलीय का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातही स्वच्छ दिसतं. हा फोटो सेटिंगसकट वर्कशॉपच्या भिंतीवर लावा. गिऱ्हाइकाला पटवायलाही चांगला उपयोगी पडतो.

पायरी ७: जॉबवरची तपासणी

रंगाच्या आधी. लेग मोजा. दोन्हींतली जाड प्लेट १० मिमीपर्यंत असेल तर किमान ३ मिमी, १० ते २० मिमीला ५ मिमी, ही आपल्या भारतीय मानकातली किमान मापं आहेत. ती कमीत कमी आहेत, वजनाप्रमाणे जास्त लागतात. कडेला अंडरकट म्हणजे खाच पडलीय का बघा. बट जॉइंटची मागची बाजू दिसत असेल तर आधी तीच बघा: मुळाची बारीक अखंड उंच रेघ दिसली पाहिजे, दोन प्लेटांच्या कडा वेगळ्या दिसता कामा नयेत.

पृष्ठभागावरच्या बारीक तड्यांसाठी डाय पेनिट्रंटचे तीन डबे मिळतात: साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढरा. लाल रंग पंधरा-वीस मिनिटं ठेवून पुसायचा, पांढरा फवारायचा, तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. पण हे फक्त पृष्ठभागापर्यंत फुटलेला दोष दाखवतं, पोटातल्या कच्चेपणाबद्दल गप्प राहतं. पाण्याच्या टाकीला जुनी युक्ती: एका बाजूने खडूचं पाणी लावून वाळवा, दुसऱ्या बाजूने रॉकेल लावा. गळती असेल तिथे डाग उमटतो. हातोडीने ठोकून आवाज ऐकणं ही मात्र तपासणी नव्हे.

पोटातलं बघायला अल्ट्रासोनिक किंवा रेडिओग्राफी लागते. बॉयलरच्या प्रेशर पार्टसारख्या कामांत त्या होतात आणि तिथल्या वेल्डरला आयबीआरची (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सची) परीक्षा द्यावी लागते. ट्रॉलीला कुणी रेडिओग्राफी करणार नाही, म्हणून तर पायरी ६.

'किरकोळ' वेल्डिंगबद्दल

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर एल. कीलँड' हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला आणि १२३ माणसं गेली. चौकशीत तडा सापडला तो एका साध्या ६ मिमी फिलेटपाशी. एक उपकरण बसवायचा आधार मुख्य नळीला त्या वेल्डने जोडला होता. वजन पेलण्याशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी बारकाईने बघितलं नाही. तड्याच्या आत रंग सापडला, म्हणजे तो प्लॅटफॉर्म बांधतानाच होता.

आपल्या ट्रॉलीवर याचं रूप रोज दिसतं. एक्सलवर वायर अडकवायला मारलेला टाका, ड्रॉबारच्या बरोबर मध्यावर रेडिअमच्या पट्टीसाठी जोडलेला अँगल, चासीच्या खालच्या कडेवर आडवं मारलेलं जुजबी वेल्डिंग. सगळ्यांत जास्त ताण असलेल्या जागी सगळ्यांत निष्काळजी वेल्डिंग. असे बारीकसारीक आधार नट-बोल्टच्या क्लॅम्पने बसवा, किंवा चॅनेलच्या मधल्या उभ्या भागावर घ्या, वरच्या-खालच्या पट्ट्यांवर नको. तडा गेलेल्या ड्रॉबारवर नुसती बीड मारून देऊ नका. तड्याच्या टोकाला भोक पाडा, तडा पूर्ण खोदून काढा, मुळापासून भरा. वर जोडपट्टी लावायची तर तिची टोकं तिरकी कापा. चौकोनी टोकाच्या आडव्या वेल्डपाशीच पुढचा तडा येतो.

काम देणाऱ्याने फुटावर किंवा किलोवर भाव पाडताना दोन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात: बट जॉइंटला व्ही पाडणार का, आणि रंग मारण्याआधी मला बघायला बोलावणार का. व्ही पाडायला ग्राइंडरच्या चकत्या आणि वेळ जातो, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील. मिस्तरीने ते मागितले तर घासाघीस करू नका, आणि न मागता 'करून देतो' म्हणाला तर कतरणाचा एक नमुना समोर तोडून दाखवायला सांगा.